जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत

दातांची चुकीची ठेवण आणि चेहऱ्याची घडण सुधारण्यासाठी जबड्याचे हाड कापून नव्या जागी बसवतात. याला ऑर्थोग्नॅथिक शस्त्रक्रिया म्हणतात. वरच्या जबड्याचा आडवा छेद ‘ल फोर १’ या नावाने ओळखला जातो. रेने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९०१ साली वर्णन केलेल्या अस्थिभंगाच्या रेषेवरून ते नाव आले. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे फाडून सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ साली मांडली. हाडे टायटॅनियमच्या लहान प्लेट व स्क्रूने धरतात आणि चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, योग्य राहावा म्हणून दातांवरच्या ब्रेसेसना रबर बँड लावतात. हाड चावण्याइतके जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. या काळातले लक्षण जोखताना ते कितव्या दिवशी उद्भवले हे आधी पाहावे लागते. तिसऱ्या दिवशीचा सुजलेला गाल अपेक्षितच असतो, पण बाराव्या दिवशी एकाच बाजूला नव्याने सूज आली तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो.

सूज आणि श्वास

सूज ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असते. मग ती उतरू लागते आणि बराचसा भाग दोन-तीन आठवड्यांत जातो, मात्र चेहऱ्याची शेवटची ठेवण दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून २० मिनिटे लावावा, २० मिनिटे थांबावे. झोपताना डोके दोन-तीन उशांवर, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ठेवावे. गाल बधिर असल्याने बर्फाने किंवा पुढे शेकाच्या पिशवीने त्वचा भाजली तरी कळत नाही, म्हणून पिशवी आधी मनगटावर लावून पाहावी.

नाक रक्ताच्या खपल्यांनी बंद होते आणि तोंडही बँडने बांधलेले असते, त्यामुळे रुग्ण घाबरतो. बहुतेकदा दातांच्या फटीतून पुरेसा श्वास मिळतो. वाफारा, सलाइनचे थेंब आणि ताठ बसणे याने आराम पडतो. आडवे झाल्यावर गुदमरणे, जीभ वर उचलली जाणे किंवा श्वासाचा घरघर आवाज हा मात्र तातडीचा प्रसंग आहे. त्यात फोनवर सल्ला विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

उलटी

गिळलेले रक्त आणि भुलीची औषधे यांमुळे पहिल्या दिवशी मळमळ होते. पोटात काळसर रक्त असल्याने उलटी कॉफीच्या गाळासारखी दिसू शकते. पोटात द्रवच असल्याने तो बँडमधूनही बाहेर पडतो: पुढे वाकायचे, गाल बोटाने बाहेर ओढायचा आणि उलटी वाहू द्यायची. उताणे मात्र झोपू नये. तरीही अडथळा वाटला तर बँड लहान कात्रीने कापावेत. अपघातातील अस्थिभंगानंतर जबडा तारेने बांधण्याची पद्धत आजही आपल्याकडे वापरात आहे. अशा रुग्णाने वायर कटर उशाशी ठेवावा. दोन जबड्यांना जोडणाऱ्या उभ्या तारा कोणत्या, हे घरच्यांनी रुग्णालय सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ऐन वेळी भलत्याच तारा कापल्या जातात.

रक्तस्राव आणि नाक

ल फोर छेद गालातील सायनसमधून, म्हणजे नाकाला जोडलेल्या हाडातील पोकळीतून जातो, म्हणून नाकातून थोडे जुने, गडद रक्त काही दिवस ठिबकते. नाक जोरात शिंकरले तर हवा ऊतींत शिरते, गाल फुगतो आणि दाबल्यावर त्वचेखाली चुरचुर जाणवते. त्यामुळे निदान दोन आठवडे नाक शिंकरू नये आणि शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी. ताजे, लाल, धार लागलेले रक्त वेगळे. शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवडे उलटल्यावरही वरच्या जबड्यामागच्या धमनीतून असा स्राव होऊ शकतो. तो एकदा थांबून परत सुरू होतो, म्हणूनच थांबल्यावर निर्धास्त होणे धोक्याचे. बसून पुढे झुकावे, रक्त न गिळता थुंकावे आणि रुग्णालयात जावे.

जंतुसंसर्ग

लक्षणे सहसा पहिल्या आठवड्यानंतर उमटतात: उतरलेली सूज परत चढणे, एका बाजूचा ठणका, तोंडात खारट-कुजकी चव, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर. पू काढून, जखम धुऊन आणि प्रतिजैविके देऊन बहुधा काम भागते. प्लेट काढायचीच झाली तर हाड जुळेपर्यंत थांबण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. प्रतिबंध साधा आहे. प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळुवार गुळण्या कराव्यात आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात घासावेत. क्लोरहेक्सिडिन हे गुळण्यांचे जंतुनाशक सांगितले असल्यास ते आणि टूथपेस्ट यांत अर्धा तास अंतर ठेवावे, नाहीतर पेस्टमधील फेस आणणारे घटक त्याचा परिणाम मारतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर निघतात. धूम्रपान व तंबाखू मात्र पूर्ण बंद, कारण त्याने रक्तपुरवठा घटून जखम भरत नाही.

आहार आणि वजन

सुरुवातीच्या आठवड्यांत काही किलो वजन घटणे नेहमीचे. चूक बहुधा पाणीदार आहारात असते: शहाळे आणि वरणाचे पाणी पोट भरते, पण प्रथिने देत नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असा अंदाज धरावा, मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. मुगाचे कढण, दुधात फेटलेले पनीर, चक्का ताकात घुसळून, गाळलेले चिकन सूप, नाचणीची आंबील, वरून चमचाभर साजूक तूप, अशा गोष्टी दोन-दोन तासांनी घ्याव्यात. सगळे मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळावे. कोथिंबिरीचे पान किंवा टोमॅटोचे बी टाक्यांत अडकले की निघता निघत नाही. तिखट आणि कढत नको. बधिर ओठाला कढत चहाचा चटका कळत नाही. औषधे शक्यतो पातळ स्वरूपात मागावीत. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून घेतली तर दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. वेदनाशामकांतील ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधांनी बद्धकोष्ठता होते, त्यावर पाणी व सौम्य सारक औषध.

बधिरता

खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनाशिरा (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) छेदाच्या अगदी शेजारी असते. त्यामुळे खालचा ओठ व हनुवटी सुरुवातीला जवळपास सर्वांनाच बधिर वाटते. दुखावलेली शिरा दिवसाला सुमारे १ मिलिमीटर पुन्हा वाढते. मुंग्या, टोचणी, खाज ही सहसा परतीची चिन्हे. सहा महिने ते वर्षभर सुधारणा चालू राहते, तरी काहींत थोडी बधिरता कायम उरते आणि वय वाढलेल्यांत ही शक्यता अधिक. ही शिरा संवेदनेची असल्याने ओठ हलतो. ओठ वाकडा होत असेल तर ते वेगळे कारण, लगेच दाखवावे. याच काळात दात थंडगाराला प्रतिसाद देत नाहीत, म्हणून ते मेले असे समजून रूट कॅनालची घाई करू नये.

चाव बदलणे आणि तोंड कमी उघडणे

बँड कोणत्या हुकापासून कुठे लावायचे, याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. उलटे लावलेले बँड जबडा हळूहळू भलतीकडे ओढतात. एका बाजूचे दात अचानक न भिडणे किंवा ‘कट्’ आवाजानंतर चाव बदलणे म्हणजे स्क्रू सैल झाल्याची शंका. त्याच दिवशी कळवावे. पहिल्या आठवड्यांत बँडने जे सुधारते, त्यालाच हाड जुळल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

तोंड उघडण्याचे व्यायाम परवानगी मिळाल्यावरच. निरोगी उघडझाप सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतकी. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धराव्यात आणि काही दिवसांनी एकेक वाढवावी. प्रगती काड्या मोजून कळते. गुटखा-सुपारीने आधीच तोंड आखडलेल्यांत हे फार संथ होते.

सगळे भरून आल्यावर, महिन्यांनी किंवा वर्षांनी, हनुवटी पुन्हा मागे जाणे आणि पुढचे दात उघडे राहणे हे जबड्याच्या सांध्यातील हाडाचा गोळा झिजल्याचे लक्षण असू शकते. ते मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळते. झीज थांबल्याची एक्स-रे वा स्कॅनने खात्री झाल्याशिवाय दुसरी शस्त्रक्रिया करत नाहीत.