चार दिवस उशिरा मरणारा उंदीर

आपल्याकडे त्याला विष कोणी म्हणतच नाही, "उंदराचं औषध" म्हणतात. किराणावाल्याकडे सहज मिळतं, सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला आला की पार्किंगच्या कोपऱ्यात आणि गटाराच्या तोंडाशी केक ठेवून जातो, विषय संपला. पण त्या केकमधलं ब्रोमॅडिओलोन आणि हार्टचा व्हॉल्व्ह बदललेल्या आजोबांची रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, हे एकाच घराण्यातले. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांना माहितीये, पालेभाजी बेताने खा, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी टेस्ट, चेक करत रहा, दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. शहरातली घुबडं का मरतायत ते समजायला सुरुवात इथूनच करावी लागते.

गोष्ट चालू होते गुरांपासून. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात चांगली धडधाकट गुरं अचानक रक्त वाहून मरायला लागली, शिंग कापलं किंवा खच्चीकरण केलं की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने शोधून काढलं की स्वीट क्लोव्हरचा चारा ओला राहून त्याला बुरशी लागली की तो घातक होतो. पण शेतकऱ्यांचे दिवस इतके वाईट होते की खराब चारा फेकून देणं परवडणारं नव्हतं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत कार्ल पॉल लिंक या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरच्या लॅबवर पोचला, गाडीत मेलेली कालवड, सोबत तो चारा आणि कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. लिंकच्या टीमला त्यातलं मूळ द्रव्य, डायकुमारॉल, वेगळं करायला पुढची सहा वर्षं लागली. त्याच्याच एका भावंडापासून १९४८ मध्ये उंदीर मारायला वॉरफरिन बाजारात आलं, इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं, WARF, संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेची. माणसांसाठी ते १९५४ पासून, आणि पुढच्याच वर्षी हार्ट अटॅक आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना तेच दिलं. म्हणजे आपण "औषध" म्हणतो ते अगदीच चुकीचं नाही.

आता उंदरासाठी हे इतकं भारी का ठरलं? कारण ते हळू मारतं. सोमल, कुचला, झिंक फॉस्फाइड ही जुनी विषं पटकन लागायची, आणि उंदीर हा प्रचंड संशयी प्राणी. नवीन काही दिसलं की जरासं कुरतडून बघणार, पोटात बिघडलं तर परत त्याला तोंड लावणार नाही. म्हणूनच आपल्याकडे शेतात झिंक फॉस्फाइड वापरायचं तर आधी दोनतीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवून उंदरांना सवय लावतात आणि मग त्यात पावडर मिसळतात. वॉरफरिनला असलं काही लागत नाही. रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के शरीराने परत परत वापरायची सोय ते बंद पाडतं, पण रक्तात आधीचे गोठवणारे घटक असतात ते संपेपर्यंत उंदीर मजेत फिरतो, रोज येऊन खातो. चारपाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, तोपर्यंत त्याला कसली शंका यायची.

पण १९५८ मध्ये स्कॉटलंडच्या एका फार्मवर असे उंदीर सापडले ज्यांना वॉरफरिन लागतच नव्हतं. मग काय, कंपन्यांनी ७० च्या दशकात दुसरी पिढी काढली, डायफेनाकुम, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकुम. ही कितीतरी जहाल, एकदा खाल्लं तरी पुरे. मला वाटतं खरी चूक इथे झाली. कारण ताकद वाढवली तरी मरायला लागणारे दिवस तेवढेच राहिले, आणि ही रसायनं लिव्हरमध्ये जाऊन बसतात ती कित्येक महिने निघत नाहीत. एकदा खाऊन उंदराचा मृत्यू ठरलेला असतो पण तो मेलेला नसतो म्हणून अजून चार दिवस खातच राहतो, पोटात गरजेच्या कितीतरी पट विष, त्यात शेवटी सुस्त होऊन भर दिवसा उघड्यावर येतो. घुबडाला, घारीला, मुंगसाला, धामणीला यापेक्षा सोपी शिकार कुठली मिळणार? एका उंदराने कदाचित काही होत नाही, पण साठत जातं, आणि मग एखादी साधी धडक किंवा खरचटणं सुद्धा जिवावर बेततं.

अमेरिकेत हे लोकांच्या डोळ्यांसमोर आलं ते नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांमुळे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणारा पी-२२ हा पहाडी सिंह २०१४ मध्ये खरजेने पार सुकलेला दिसला, रक्तात उंदराच्या विषाचे अंश निघाले, व्हिटॅमिन के देऊन उपचार केले तेव्हा सावरला. त्याच भागातल्या बॉबकॅट रानमांजरांवरच्या अभ्यासात हे विष आणि जीवघेणी खरूज यांचा संबंध आधीच दिसला होता, म्हणजे थेट मारलं नाही तरी प्रतिकारशक्ती बिघडवतं. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून दुसऱ्या पिढीच्या विषांवर बरीच बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये बॅरी नावाची लाडकी घुबडीण २०२१ मध्ये सेंट्रल पार्कात मेंटेनन्सच्या गाडीला धडकून मेली, तपासणीत ब्रोमॅडिओलोन निघालं, तेही जीव जाईल इतकं. मग फ्लॅको. झूच्या पिंजऱ्याची जाळी कोणीतरी कापली, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बाहेर पडला, जन्मभर पिंजऱ्यात राहिलेलं ते घुबड स्वतः शिकार करायला शिकलं आणि वर्षभर मॅनहॅटनमध्ये जगलं. २३ फेब्रुवारी २०२४ ला एका इमारतीच्या अंगणात पडलेलं सापडलं. शरीरात कबुतरांकडून आलेला हर्पीस व्हायरस होता, आणि रक्त न गोठू देणारी उंदराची विषं, एक नाही, चार वेगवेगळी. हे वाचलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं.

आपल्याकडे गव्हाणी घुबड आणि पिंगळा अगदी गर्दीच्या वस्तीत राहतात, जुन्या वाड्यांच्या वळचणीला, चर्चच्या मनोऱ्यात, वडाच्या ढोलीत. गव्हाणी घुबड तर खातं मुख्यतः उंदीरच, आणि पिंगळाही किड्यांसोबत उंदीर खातो. मागे आमच्या बिल्डिंगमागे गुलमोहराखाली एक गव्हाणी घुबड मरून पडलं होतं, अंगावर जखम नाही, चोचीपाशी थोडं रक्त. वॉचमनने कचऱ्याच्या गाडीत टाकलं, लिव्हर तपासायला पाठवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही. त्याच आठवड्यात खाली केक ठेवले होते.

उंदीर मारूच नका असं कोणी म्हणत नाहीये, १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईला ते सांगायची गरज नाही, आणि लेप्टो दर पावसाळ्यात आहेच. पण न्यूयॉर्कने फ्लॅकोच्या नावाने सप्टेंबर २०२४ मध्ये उंदरांना गर्भनिरोधक खाऊ घालून बघायचा प्रयोग मंजूर केला. आणि मुंबई महापालिकेकडे तर कितीतरी वर्षांपासून रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी, रात्रीत ३० उंदीर मारायचं टार्गेट. काम अतिशय घाणेरडं आणि कष्टाचं आहे, पण त्या काठीने मेलेला उंदीर घारीने उचलला तर घारीला काही होत नाही.