मिझेरिया: रडणारी राणी, काकडी आणि आंबट साय

मिझेरिया म्हणजे दैन्य. दारिद्र्य, हलाखी, अन्नान्न दशा असा सगळा ऐवज त्या लॅटिन शब्दात आहे, आणि पोलिश लोक तो शब्द काकडीच्या कोशिंबिरीला लावतात. पातळ चकत्या, मीठ, आंबट साय, वरून शेपू, झालंच तर थोडं लिंबू. कृती दोन ओळींत संपते. नावावर मात्र पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. इथेही तेच होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट अशी. १५१८ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या बारीची २४ वर्षांची राजकन्या बोना स्फोर्झा क्राकूवला आली आणि पन्नाशी ओलांडलेल्या पोलिश राजाची दुसरी राणी झाली. सोबत तिच्या मुलखातली माणसं आली, खाण्यापिण्याच्या सवयी आल्या. त्या थंड देशात तिला माहेरच्या हिरव्या भाज्यांची आठवण येई. काकडीची कोशिंबीर पुढ्यात आली की इटली आठवून तिचा जीव कासावीस होई, कुणी सांगतं तिच्या डोळ्यांत पाणी येई, आणि म्हणून त्या पदार्थाचं नाव पडलं मिझेरिया. इटालियन भाषेतही हा शब्द जसाच्या तसा आहे, अर्थही तोच, त्यामुळे गोष्ट अगदी चपखल बसते. संशय यावा इतकी चपखल.

राणीच्या नावावर भाज्यांचं श्रेय जमा करण्याची पोलंडला जुनी सवय आहे. सुपासाठी गाजर, पार्सलीचं मूळ, सेलरीचा कंद आणि लीक यांची जुडी तिथल्या मंडईत मिळते, तिला म्हणतात व्लोश्चिझ्ना, म्हणजे शब्दशः ‘इटालियन माल’. ही जुडी राणीने आणली असं शाळकरी पोरही सांगेल. पण गाजर आणि कोबी पोलिश परड्यांत तिच्या आधीपासून होते. तिच्या काळात भाज्यांना दरबारी प्रतिष्ठा मिळाली असेल. नवीन वाण आले असतील. एका बाईने लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर अख्खी मंडई आणली, हे मात्र जरा जास्तच होतं.

काकडीच्या बाबतीत तर गोष्ट सरळ उलटी आहे, आणि ते भाषाच सांगते. इटलीहून आलेल्या भाज्यांनी पोलिशमध्ये येताना आपली इटालियन नावं सोबत आणली: फ्लॉवरला कालाफ्योर, लेट्युसला सावाता. काकडीला इटालियनमध्ये चेत्रिओलो म्हणतात आणि पोलिशमध्ये ओगूरेक. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ओगूरेक हा शब्द बायझंटाईन ग्रीकमधून स्लाव्ह भाषांत शिरला, म्हणजे काकडी तिथे पूर्वेकडून पोचली. इतकंच नाही, जर्मनांनी आपला ‘गुर्क’ हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडूनच उचलला. पोलंडमधल्या उत्खननांत राणीच्या कितीतरी शतकं आधीच्या थरांत काकडीच्या बिया सापडल्या आहेत. काकडीचं मूळ गाव तर आपल्याकडचं. हिमालयाच्या पायथ्याशी तिचा रानटी, कडूजहर भाऊबंद अजून उगवतो. तिथून इराणमार्गे खुष्कीच्या वाटेने ती पूर्व युरोपात गेली. तेव्हा काकडी पाहून इटली आठवावी असं त्यात फारसं काही नव्हतं. क्राकूवची काकडी क्राकूवचीच होती.

राणीवरही या गोष्टीने अन्यायच केला आहे. ही बाई ताटासमोर बसून मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हती. गहाण पडलेल्या राजघराण्याच्या जमिनी तिने पैसे मोजून सोडवल्या, लिथुआनियातल्या आपल्या जहागिरींची मोजणी करून घेतली, महसूल वाढवला आणि त्यापायी उमरावांचा रोष ओढवून घेतला. माहेरची आठवण तिने काढली ती अशी की पोदोलियातल्या एका गढीच्या गावाला बारीवरून ‘बार’ नाव देऊन टाकलं. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे आणि नाव तेच आहे. १५५६ मध्ये मुलाशी बिनसल्यावर ती इटलीला परतली आणि पुढच्याच वर्षी बारीत विषप्रयोगाने गेली. अशा कारकिर्दीतून लोकांनी लक्षात काय ठेवलं, तर काकडी.

आता काळाचा हिशेब. राणी गेली १५५७ मध्ये. पोलिश भाषेतलं आज संपूर्ण हाती असलेलं सर्वांत जुनं छापील पाकपुस्तक आहे १६८२ चं. म्हणजे तिच्या पंगतीत काय वाढलं जाई आणि त्याला काय म्हणत, याला तिच्या काळच्या छापील पाकपुस्तकाचा आधार नाही. उरते ती नावावरून मागाहून रचलेली कथा. १७९५ ते १९१८ पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. तेव्हा जुन्या राजाराण्यांच्या गोष्टींना घराघरांत भाव आला, आणि अशा कथा त्याच काळात फोफावल्या असाव्यात, हा माझा संशय.

दुसरं स्पष्टीकरण गरिबीचं: फुकटात मिळणारी काकडी, गरिबाचं अन्न, म्हणून दैन्य. हे ऐकायला बरं वाटतं, पण सायीपाशी अडतं. दुभतं असलेल्या गरिबाच्या घरातही साय ही पोराबाळांच्या ताटात सढळ हाताने ओतायची गोष्ट नव्हती. तिचं लोणी होई आणि लोणी बाजारात जाई. साय ओतलेली काकडी आणि तिला नाव दैन्य, यात काहीतरी थट्टा आहे.

मला ती थट्टाच खरी वाटते. पोलंडचे सरदार, जमीनदार शाळेत लॅटिन शिकत, कज्जे लॅटिनमध्ये लढवत आणि बोलताना पोलिश वाक्यात लॅटिन शब्द पेरत. सतराव्या शतकात तर तशी फॅशनच होती. जुन्या पोलिशमध्ये मिझेरिया म्हणजे एखाद्याचं किडुकमिडुक, चार भांडी आणि दोन चिरगुटं असाही अर्थ होता. हडकलेल्या माणसाला आजही ‘मिझेर्नी’ दिसतोयस म्हणतात. आपल्याकडे पाच पक्वान्नांचं ताट पुढे सरकवताना यजमान म्हणतो, ‘घ्या, आमची गरिबाची मीठभाकर.’ त्यात मीठही नसतं आणि भाकरही नसते. रोस्ट मांसाच्या थाळ्यांशेजारी काकडीचा वाडगा ठेवत एखाद्या लॅटिनबाज यजमानाने ‘आणि ही आमची मिझेरिया’ म्हटलं असेल, तर नाव कळण्यासाठी ना राणी लागते ना तिचे अश्रू. याला कागदोपत्री पुरावा नाहीच, पण माणसाच्या स्वभावाचा आहे.

पदार्थ म्हणून यात खास पोलिश असं फार थोडं. जर्मनीत सायीची आणि शेपूची काकडी होते, हंगेरीत व्हिनेगर आणि लाल पापरिकाची, चेक लोक गोडसर आंबट पाण्यात ती पोहायला सोडतात. फक्त या नावाची काकडी पोलंडची.

ताटातली तिची आजची जागा ठरली ती मात्र अलीकडे. पावाचा चुरा लावून तळलेलं डुकराच्या मांसाचं कोत्लेत, बटाटे आणि मिझेरिया ही तिकडी आज ‘पारंपरिक पोलिश रविवार’ म्हणून मिरवते. कोत्लेत व्हिएन्नाच्या श्नित्झेलचं नातलग, एकोणिसाव्या शतकातलं. बटाटाही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातच सर्वसामान्यांच्या ताटात आला. म्हणजे ही परंपरा फार तर आपल्या साबुदाण्याच्या खिचडीइतकी जुनी.

तिकडी घट्ट बसली कम्युनिस्ट राजवटीत. १८९६ मध्ये वॉर्सात पहिला ‘बार म्लेच्नी’ निघाला होता, म्हणजे दूध-दह्याचे, पिठाचे स्वस्त पदार्थ देणारी खानावळ. युद्धानंतर सरकारने अशा खानावळी गावोगावी चालवल्या. अॅल्युमिनियमचे चमचे, भिंतीवर प्लास्टिकच्या अक्षरांतला दरफलक, खिडकीतून पुढे सरकणारी बशी. मिझेरिया तिथे वाटीत मिळे, आजही मिळते. सरकारी अनुदान अजून चालू आहे.

घरी ती टिकली परसबागेमुळे. १९७६ पासून साखर कार्डावर गेली. १९८१ च्या एप्रिलपासून मांसही कार्डावर आलं ते थेट १९८९ च्या जुलैपर्यंत. मधल्या काळात लोण्यालाही कार्ड लागलं. काकडीला कधी कार्ड लागलं नाही. शहराच्या कडेला कामगारांना ३०० ते ५०० चौरस मीटरचे बागेचे तुकडे मिळत, त्यांचा कायदाही त्याच १९८१ सालचा. जुलैत त्या तुकड्यांवर एकाच वेळी इतकी काकडी निघे की शेजाऱ्याला दिली तर तो परत दोन किलो आणून देई, कारण त्याच्याकडेही तेच. खारवून उरली ती मिझेरियात. पोलिश भाषेत ऑगस्टच्या बातम्यांच्या दुष्काळाला ‘सेझोन ओगुर्कोवी’, काकडीचा हंगाम म्हणतात, आणि त्या काळच्या गोलमटोल येल्च बसचं टोपणनाव होतं ओगूरेक. हंगामाबाहेरची काकडी हवी तर ‘बादिलाश’कडे जावं लागे. हे काचघरात भाजी पिकवणारे खासगी मळेवाले. सगळं सरकारी असताना यांनी पैसा केला, म्हणून शब्दाला कुत्सित वास आहे. त्यांच्या काकडीवर नाकं मुरडत लोक ती घेतच.

ही काचघरातली लांब, गुळगुळीत काकडी आणि शेतातली आखूड, खरबरीत, काटेरी काकडी हा भेद मिझेरियात अजून पाळला जातो. जुनी माणसं शेतातलीच घेतात. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला तेव्हा तिथे काकडीच्या बाकाचा नियम होता: वरच्या दोन प्रतींच्या काकडीला १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त बाक नको. १९८८ चा हा नियम टवाळीचा विषय होऊन २००९ च्या जुलैत रद्द झाला. चकत्याच करायच्या त्या काकडीला बाक असला काय नि नसला काय.

घरी करताना खरी गडबड होते ती सायीपाशी. पोलिशमध्ये दोन शब्द आहेत: श्म्येताना म्हणजे विरजलेली आंबट साय, आणि श्म्येतांका म्हणजे गोडी साय. कोशिंबिरीला पहिली लागते, बहुधा १८ टक्के स्निग्धांशाची. १२ टक्क्यांची पातळ पडते. आपल्याकडच्या कृतींत दोन्हींना ‘क्रीम’ म्हणून टाकतात. मग कुणीतरी खोक्यातलं फ्रेश क्रीम ओततं आणि गुळमट, तुपकट काकडी खाऊन पोलिश लोकांच्या चवीबद्दल मत बनवून घेतं. दुसरे दही घालतात. तेही चालतं, १९८९ नंतर खुद्द पोलंडमध्ये पुष्कळ घरांत सायीच्या जागी दही आलं, पण मग ती जवळजवळ आपलीच कोशिंबीर होते, फोडणी विसरलेली.

खरं तर लोणी काढणाऱ्या प्रत्येक मराठी घरात श्म्येतानाची सख्खी बहीण फ्रीजमध्ये बसलेली असते. सायीचं दही. विरजण लावून साठवलेली तीच साय, फक्त म्हशीच्या तापवलेल्या दुधाची, म्हणून जरा गुठळ्यांची आणि जास्त जड. त्यात चमचा-दोन चमचे दूध घालून हलक्या हाताने सारखी करायची. रवी किंवा मिक्सर लावायचा नाही. मी पहिल्यांदा लावला आणि काकडीवर घालायला ताजं लोणी आणि ताक हाती आलं.

बाकी सगळं ओळखीचं आहे. देठाकडचं टोक कापून फेस येईपर्यंत चोळण्याची आपली रीत, तशी तिथे काकडी फुलाकडून देठाकडे सोलण्याची रीत. कडूपणा देठाशी जास्त असतो आणि सुरी तो पुढे पसरवते असं मानतात. चकत्या इतक्या पातळ की बोटावर ठेवली तर बोट दिसावं. दोन काकड्यांना अर्धा चमचा मीठ, दहा मिनिटं, मग मुठीत धरून पिळायचं. पिळावं की नाही यावर घराघरांत भांडणं आहेत. न पिळणारे म्हणतात चव पाण्याबरोबर जाते. पिळणारे वाडग्याच्या तळाशी साचलेल्या पांढऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. साखरेच्या चिमटीवरही तसंच. शेपूवर तिथे भांडण नाही. इथे आहे, निम्मं घर वासानेच उठून जातं, पण भाजीतला शिजलेला शेपू आणि इथला कच्चा, बारीक चिरलेला, फक्त शेंड्याकडचा कोवळा शेपू यांत फरक पडतो. आपला शेपू त्यांच्यापेक्षा तिखट वासाचा, तेव्हा त्यांच्या मूठभराला आपला एक चमचा पुरे.

साय पानं वाढल्यावरच घालायची. आधी कालवून ठेवली की अर्ध्या तासात चकत्या पाण्यात तरंगतात, मग पिळणारे असोत की न पिळणारे.