कलिंगडाच्या सालीचं काय करायचं?

१९८७ साली दिल्लीत तिमारपूरला कचऱ्यापासून वीज करणारा कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचं, क्षमता दिवसाला ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज करण्याची. चालला तो जेमतेम तीन आठवडे. भट्टीला जेवढी उष्णता हवी होती, तेवढी दिल्लीच्या कचऱ्यात नव्हतीच. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, वेष्टणं. आपल्याकडे रद्दी आणि भंगार घराच्या दारातच विकलं जातं, उरलंसुरलं कचरावेचक उचलतात. म्हणजे जळण्याजोगं आधीच गेलेलं. भट्टीच्या वाट्याला येतात मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, झाडलोटीची माती आणि कलिंगडाची सालं.

या सालांचा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. एक किलो भाजीपाल्याच्या कचऱ्यात साधारण ८५० ग्रॅम पाणी धरा. उरलेले १५० ग्रॅम कोरडे पदार्थ जळले तर अंदाजे २५०० किलोज्यूल उष्णता मिळेल. पण ते पेटण्याआधी ८५० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी, आणि तिला सुमारे २२०० किलोज्यूल लागतात. हाती राहिले ३००. तेही धुराड्यातून जातात. ओली लाकडं फुंकून डोळे लाल करून घेतलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही, पण मोठ्या निविदा काढताना ते विसरलं जातं.

तोच हिशेब उसाच्या चिपाडाला लावून पाहा. साखर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, तरी किलोमागे सात हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता पदरात पडते. शिवाय ते गोळा करायला गावभर गाड्या फिरवाव्या लागत नाहीत, ऊसच ते घेऊन येतो. म्हणून आपले साखर कारखाने स्वतःची गरज भागवून वर वीज विकू शकतात.

मग सालीचं काय? ती जाळायची नाही, खायला घालायची. हवाबंद टाकीत जंतूंच्या टोळ्या ती पाळीपाळीने खातात. पहिली टोळी पिठूळ आणि तंतुमय पदार्थ फोडून साखर करते, पुढची त्या साखरेची आम्लं करते, आणि शेवटी मिथेनजंतू त्यातून मिथेन हा जळणारा वायू सोडतात. पाण्याची इथे अडचण नाही. उलट पाण्यावाचून काही घडतच नाही. मुंबईत १८९७ सालीच माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात (आताचं वडाळ्याचं अॅक्वर्थ) मैल्यापासून असा गॅस करून दिवे लावले होते.

पुढे मात्र 'गोबर गॅस' हा शब्द इतका रुळला की गॅस शेणातूनच निघतो असं आपल्या डोक्यात बसलं. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी इथेच बोट ठेवलं. शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा. त्यात जंतूंना खायला उरतं किती? शेण विरजणापुरतं घ्यावं, कारण गाईच्या पोटातले मिथेनजंतू त्यात असतात. रोजचा घास मात्र शिळा भात, पीठ, खराब धान्य, फळं असा असावा. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अशा दोन किलो खाद्याने चाळीस किलो शेणाचं काम होतं, आणि तेही चाळीस दिवसांऐवजी एका दिवसात. प्लॅस्टिकच्या एका टाकीत दुसरी उपडी घालून केलेल्या या घरगुती संयंत्रासाठी त्यांच्या 'आरती' संस्थेला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अॅशडेन पुरस्कार मिळाला.

टाकीलाही अपचन होतं. आम्ल करणारे जंतू हावरट आणि चपळ, मिथेनजंतू संथ आणि नाजूक. लग्नाच्या पंगतीचं उरलेलं सगळं एकदम ओतलं की आम्ल साचतं, मिथेनजंतू मान टाकतात आणि टाकी आंबते. लिंबाची सालंही त्यांना सोसत नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' संयंत्रात डॉ. शरद काळे यांनी या दोन टोळ्यांची चूल वेगळी केली. पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रेमी जंतूंकडून कचऱ्याचा पातळ काला करून घ्यायचा, आणि मग तो दुसऱ्या, हवाबंद टाकीत सोडायचा. मला हा बदल कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा हुशारीचा वाटतो.

शहराच्या मापात हेच पाहायचं तर इंदूरला जावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे १७ टन बायो-सीएनजी अशी आहे. टाकीतून निघालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला की मिथेन उरतो, आणि त्यावर शहराच्या बस धावतात. शंभर किलो कचऱ्याला तीन किलो गॅस, हे कमी वाटेल. पण त्या शंभरातले बहुतेक किलो पाण्याचेच असतात. आणि हाच कचरा डेपोवर टाकला असता तरी ढिगाच्या पोटात हवा न पोचल्याने मिथेन झालाच असता. तो मग हवेत गेला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. नाहीतर २०१६च्या जानेवारीत देवनारला झालं तसं ढीगच पेटला असता. त्या आगीचा धूर उपग्रहांनाही दिसला होता.

इंदूरची खरी यंत्रणा मात्र टाकीच्या कितीतरी आधी, घराच्या दारात सुरू होते. घंटागाडीतच ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे आहेत. टाकीत प्लॅस्टिक गेलं तर ते वर तरंगून साय धरतं, वाळू-माती तळाशी बसून जागा खाते, आणि दोन्ही उपसायला टाकी बंद ठेवावी लागते. उलटीकडे सुक्यात खरकटं मिसळलं की त्या सुक्यापासून सिमेंटच्या भट्टीसाठी केलेलं इंधन पुन्हा तिमारपूरच्या वाटेला लागतं.

तरी 'ओला-सुका' ही नावं थोडी फसवी आहेत. नारळाची करवंटी कुजणारी म्हणून सहसा ओल्याच्या बादलीत जाते. पण तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, मिथेनच्या टाकीत पचतच नाही. महिना-दोन महिन्यांनी काढली तरी ती जशीच्या तशी निघते. तिची जागा बंबात.