वाईन बारच्या मुळाशी जकात नाका

गल्लीतला छोटा वाईन बार म्हटला की मोजक्या खुर्च्या, फळ्यावर खडूने लिहिलेली वाईनची यादी आणि पाव, चीज, पाते (वाटलेल्या मांसाचा मसालेदार गोळा) यांची थाळी डोळ्यांपुढे येते. हा सगळा थाट फ्रेंच रसिकतेचा मानला जातो. पण तो घडवण्यात रसिकांपेक्षा जकातवाले आणि परवाने देणारे यांचा हात मोठा आहे.

जुन्या पॅरिसमध्ये शहरात येणाऱ्या मालावर जकात बसायची, आणि वाईनवरची जकात चांगलीच जड होती. ती चुकवून आत येणारा माल अडवण्यासाठी करवसुलीच्या ठेकेदारांनी १७८४च्या सुमारास शहराभोवती भिंत घालायला घेतली. परिणाम व्हायचा तोच झाला. भिंतीच्या पलीकडे, बेलव्हीलसारख्या वस्त्यांत, स्वस्त वाईनचे गुत्ते फोफावले आणि सुट्टीच्या दिवशी अर्धं कामगार पॅरिस तिकडे लोटू लागलं. लोकांचा राग इतका, की जुलै १७८९ मध्ये बास्तीयचा तुरुंग पडण्याआधीच जकात नाके जाळले गेले. क्रांतीने १७९१ मध्ये ही जकात रद्द केली खरी, पण तिजोरी रिकामी पडल्यावर १७९८ मध्ये ती मुकाट्याने परत आली. पुढे १८६० मध्ये या वस्त्या पॅरिसमध्ये सामील केल्या गेल्या. जकातीची हद्द आणखी बाहेर सरकली. वेशीबाहेरचे गुत्ते आता शहरातल्या गल्लीचे झाले.

याच शतकात ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातून पोटासाठी आलेल्या लोकांनी पॅरिसमध्ये लाकूड-कोळशाच्या वखारी टाकल्या. वखारीच्या एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला वाईन. नवरा पोती वाहायचा, बायको गल्ला सांभाळायची. तोंडी लावायला सुकवलेलं सॉसेज, हॅम, कांतालचं चीज असे गावाकडचे टिकाऊ जिन्नस. चूल पेटवायची गरजच नाही. आजच्या वाईन बारमधल्या गार थाळीचं मूळ मोठ्या खानसाम्यांपेक्षा या वखारीतच शोधावं, असं मला वाटतं.

त्याच १८६० मध्ये लंडनमध्येही काहीतरी घडत होतं. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रान्सशी झालेल्या व्यापारी करारानुसार वाईनवरचं आयातशुल्क उतरवलं आणि खाणावळींना वाईन विकण्याचा परवाना मिळण्याची सोय केली. जेवणाबरोबर हलकी वाईन मिळाली तर लोक जिनपासून दूर राहतील, असा त्यामागचा हिशेब होता. जिन काही सुटली नाही, पण वाईन बार मात्र रुजले. त्यांतला गॉर्डन्स १८९० पासून चालू आहे. फ्लीट स्ट्रीटवरचा एल विनो त्याहून जुना. तिथे बायकांना काउंटरपाशी उभं राहून वाईन मिळत नसे आणि हा रिवाज मोडायला १९८२ मध्ये न्यायालयाचा निकाल यावा लागला.

गंमत म्हणजे पॅरिसला आधुनिक वाईन बारची चटक लावण्यातही एका इंग्रजाचा वाटा आहे. मार्क विल्यमसन यांनी १९८० मध्ये तिथे विलीज वाईन बार उघडला. तोवर ग्लासने मिळायची ती बहुधा साधी वाईन. चांगल्या वाईनसाठी रेस्टॉरंटात जाऊन अख्खी बाटली घ्यावी लागे. अडचण हवेची होती. बूच काढलेली बाटली एक-दोन दिवसांत उतरते, मग महागडी बाटली एका ग्लाससाठी फोडणार कोण? बाटलीत नायट्रोजन भरून हवा बाहेर ठेवणारी यंत्रं आली आणि हा धोका बराच कमी झाला. शिवाय फ्रेंच माणसाचं पिणंही घटत होतं. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरांहून जास्त असलेला वाईनचा खप आज निम्म्याहूनही खाली आला आहे. कमी प्यायची, पण बरी प्यायची, अशा गिऱ्हाइकाला ग्लासच सोयीचा.

स्वयंपाकाकडचा बदल नंतरचा. बड्या हॉटेलात तयार झालेल्या ईव्ह कांदबोर्द यांनी १९९२ मध्ये पॅरिसच्या कडेला ला रेगालाद हे साधं भोजनगृह काढलं. उत्तम हात, बेताची किंमत, झगमगाट नाही. छोट्या वाईन बारांनी ही वाट उचलली. २००० मध्ये सुरू झालेल्या ल व्हेर व्होलेसारख्या ठिकाणी तर दारूचं दुकान आणि खाणावळ एकाच खोलीत आली. मांडणीवरची बाटली घ्या, दुकानाच्या भावावर ठरावीक रक्कम द्या आणि तिथेच बसून प्या. अट एवढीच, की फ्रान्समधल्या रेस्टॉरंटच्या परवान्यावर दारू फक्त जेवणाच्या जोडीने देता येते. म्हणून बारचा परवाना नसलेल्या अशा दुकानात थाळी मागवल्याशिवाय बूच निघत नाही.