ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे

वाहनाच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल सांगितलेले असतानाही ‘जाड ऑइल इंजिनाला जपते’ या समजुतीपायी कित्येक वाहनमालक २०डब्ल्यू-५० भरून घेतात. हा समज किती नुकसानकारक आहे, हे त्या आकड्यांचा अर्थ कळला की ध्यानात येते.

श्यानता म्हणजे वाहण्याला द्रवाचा होणारा अंतर्गत विरोध. डब्यावरचा दुसरा आकडा तापलेल्या ऑइलची ग्रेड, म्हणजे श्यानतेची श्रेणी, सांगतो. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेच्या ‘जे३००’ या मानकानुसार ३० ग्रेडच्या ऑइलची श्यानता १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) या पट्ट्यात असावी लागते. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा; त्याच्यापुढचा ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. ५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे ३० अंशांना होते आणि त्या थंडीतही इंजिन फिरवता येईल इतपतच ते दाट असावे लागते. पण यावरून असे ऑइल ‘गार असताना पातळ, तापल्यावर जाड’ होते, असे मानणे चूक आहे. तापल्यावर प्रत्येक ऑइल पातळच होते. साधारणतः ४० अंशांना ६० सेंटिस्टोकच्या आसपास असलेले ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना जेमतेम १० ते ११ वर येते. त्यात मिसळलेले पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) ही घसरण केवळ मंदावतात.

आता क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये (त्याच्या आधारात) डोकावू. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. फिरणारा शाफ्ट ऑइलला त्या निमुळत्या फटीत ओढून घेतो, तिथे दाब निर्माण होतो आणि शाफ्ट धातूला न टेकता ऑइलच्या थरावर तरंगतो. या क्रियेचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. ऑइल फार पातळ असेल तर हा थर तुटतो. फार दाट असेल तर थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोहोचते, आणि या क्षणांत झीज जास्त होते. शिवाय ते ढवळण्यात इंधनही वाया जाते. ऑइलच्या दाबावर चालणारी, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी (व्हॉल्व्ह टायमिंगची) यंत्रणाही संथ पडते.

त्यामुळे निवड पुस्तिकेतल्या तक्त्यावरूनच करावी. तिथे हवामानानुसार अनेक ग्रेड दिलेल्या असतील, तर आपल्याकडच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमानाला चालणारी ग्रेड घ्यावी. ज्या दुचाकीत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिच्यासाठी ग्रेडबरोबर ‘जासो एमए’ हा अशा क्लचसाठीच्या जपानी मानकाचा शिक्काही पाहावा, नाहीतर क्लच घसरू शकतो. जुने इंजिन ऑइल खात असेल, तर तक्त्यात बसणारी एक ग्रेड जाड घेतल्याने खप थोडा कमी होईलही. पण झिजलेल्या पिस्टन रिंगा आणि कडक झालेले व्हॉल्व्ह सील त्याने सुधारत नाहीत, ते बदलावेच लागतात.