सही आम्ही सगळ्यात शेवटी बघतो
(डालीची प्रिंट घरात असलेल्या ग्राहकांसाठी)

मुलीने परदेशातून पाठवलेली किंवा आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली साल्वादोर डाली या स्पॅनिश चित्रकाराची प्रिंट घेऊन लोक किंमत काढायला आमच्याकडे येतात आणि पहिलं बोट सहीवर ठेवतात. पण या गृहस्थाने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. १९७४ मध्ये अँडोरा या फ्रान्स-स्पेनमधल्या चिमुकल्या देशाच्या सीमेवर फ्रेंच कस्टम्सने एक गाडी अडवली, तर तीत त्याच्या सहीचे ४०,००० कोरे कागद निघाले. म्हणजे सही खरी आणि चित्र भलत्याच कुणी छापलेलं, असंही होतं.

म्हणून सुरुवात दहापट भिंगाने. रंगाचे बारीक ठिपके ओळीने, फुलासारखी नक्षी करून बसलेले दिसले, तर छपाई फोटोवरून ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-कॅलेंडरं छापतात त्या यंत्रावर, झालेली आहे. भिंतीवर लावा, विमा काढू नका. लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रात, रंगाचा रवा वेडावाकडा असतो. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रात, प्लेटची कड कागदात दबलेली असते. बोट न लावता टॉर्च तिरका धरा, दिसेल.

मग कागद उजेडासमोर धरतो. आर्श या फ्रेंच कागदाच्या जलचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) १९८० पासून अनंताची खूण, म्हणजे आडवा आठ, आली. प्रिंटवर साल १९६८ आणि कागदात आडवा आठ, असं असेल तर भिंग पुन्हा खिशात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याची पानं. डालीच्या १०० जलरंगांवरून ती लाकडी ठशांनी छापली, ठसे ३,५०० च्या आसपास लागले. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेले हे संच हजारोंनी आहेत आणि बहुतेक पानांवर हाताची सही नाहीच. तेव्हा सही नाही म्हणून खट्टू होऊ नका. उलट ठसठशीत सही दिसली की आम्हीच जरा सावध होतो.

किंमत दोन आकड्यांत लिहून देतो: विम्यासाठीची आणि आज विकायला काढली तर हाती येईल ती. दुसरी बरीच कमी असते, आधीच सांगतो. फी ठरावीक घेतो, टक्केवारी नाही. आणि जिची किंमत आम्ही काढली ती प्रिंट आम्ही विकत घेत नाही.

आता जपणूक. फ्रेममध्ये बसत नाही म्हणून समास कापू नका. सांगायला लाज वाटते, पण हे महिन्यातून एकदा तरी बघतो. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन तर नकोच. आम्ही जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावतो. प्रिंट माउंटला, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला, लटकते, चिकटत नाही, आणि उद्या ओलाव्याने सोडवता येते. माउंट आम्लरहित कापसाच्या लगद्याचा. काच प्रिंटला टेकू द्यायची नाही, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेलाच चिकटतो. पाठीमागे प्लायवूड असेल तर काढून टाका. त्याच्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या पाठीला, देवघराच्या धुरात टांगू नका. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी ऊन नकोच. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उलटी करून बघा: तपकिरी ठिपके किंवा कसर दिसली तर स्वतः पुसू नका, घेऊन या. आणताना गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. बिल, जुनं पाकीट, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, जे असेल ते सोबत आणा.

आणि हो, १९६७ मध्ये डालीने एअर इंडियासाठी केलेली राखदाणी कुणाकडे असेल, तर तीही दाखवायला आणा. चिनी मातीचं काम आम्ही करत नाही, पण बघायला आवडेल.