मार्केटिंग फनेल

अनोळखी माणसाच्या नजरेला माल पहिल्यांदा पडतो तिथपासून तो पैसे मोजतो तिथपर्यंतच्या वाटेचे टप्पे पाडून, कोणत्या टप्प्यावर किती जण गळतात हे पाहण्याची पद्धत. वर रुंद, खाली निमुळते, म्हणून फनेल; म्हणजे आपले नरसाळे. उपमा तशी फसवी आहे. कोकणात कोकमाचे आगळ नरसाळ्यातून बाटलीत भरतात तेव्हा वर ओतलेले सगळे खाली उतरते. गिऱ्हाइकांचे तसे होत नाही. त्यापेक्षा आंब्याचा मोहोर जवळचा. एका तुऱ्यावर शेकडो फुले, बहुतेक झडतात, मग वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळेही गळतात आणि काढणीला एखाददुसरे उरते. गळ कुठल्या अवस्थेत झाली हे पाहून बागायतदार उपाय ठरवतो. फनेलचे कामही तेच.

कल्पनेचे मूळ अमेरिकेतले. जाहिरात व्यवसायातील एल्मो लुईस यांनी 1898 च्या सुमारास लक्ष वेधणे, रस टिकवणे, इच्छा निर्माण करणे असा क्रम मांडला. प्रत्यक्ष खरेदीचा टप्पा नंतर जोडला गेला. या क्रमाला नरसाळ्याचे रूप 1924 मध्ये विल्यम टाउनसेंड यांनी दिले. गिऱ्हाईक असे सरळ खाली उतरत नाही, फिरून फिरून येते, हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे.

कोकणातल्या बागायतदाराला या शब्दाची गरज अलीकडे पडली. पूर्वी पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे जात, मागून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येई. आंबा शेवटी कोणी खाल्ला हे कळायचा प्रश्नच नव्हता. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवल्या आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर प्रथमच बागेत आला. हिशेब मात्र बहुतेकांनी पेट्यांचाच ठेवला, विचारणा करणाऱ्यांचा नाही.

तो कसा ठेवावा याचे एक कल्पित उदाहरण. मोहोराचा व्हिडिओ 2000 जणांनी पाहिला, 120 जणांनी ‘भाव काय?’ विचारले, 40 जणांनी पैसे कुठे पाठवायचे ते विचारले, 15 जणांनी पाठवले. जाहिरातीचा खर्च दुप्पट केला आणि बाकी प्रमाण तसेच राहिले, तर 30 पेट्या जातील. पण 120 पैकी 40 ऐवजी 80 जण पुढे सरकले तरी 30 च जातील, आणि जाहिरातीला जादा पैसा लागणार नाही. मधली ही गळ बहुधा साध्या कारणाने होते. रात्री दहाला मेसेज येतो: “दादा, पाच डझनाची पेटी केवढ्याला? देवगडचाच ना? पावडरीचा नको हां.” दादा दिवसभर काढणी आणि पॅकिंग करून झोपलेले असतात. सकाळी उत्तर जाते तोवर ताईंनी दुसरीकडे पैसे भरलेले असतात. तीन प्रश्नांची तयार उत्तरे मोबाईलमध्ये साठवून ठेवली, तर महागड्या जाहिरातीपेक्षा अधिक काम होते.

त्या प्रश्नांपैकी दुसरा आणि तिसरा विश्वासाचे आहेत. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते वापरण्याची नोंदणी असेल तर क्रमांक पहिल्याच उत्तरात द्यावा. कॅल्शियम कार्बाइडने, म्हणजे त्या ‘पावडरी’ने, फळ पिकवायला देशात बंदी आहे, हे गिऱ्हाईक जाणून असते; त्याला अढीचा, म्हणजे पिकत घातलेल्या आंब्यांचा, फोटो हवा असतो, पेंढ्यात एका थरात मांडलेली फळे दिसतील असा. साका या फळाच्या आतल्या दोषाचे तर बाहेरून काहीच कळत नाही. फळ कापल्यावरच आतला पांढरा, स्पंजासारखा गर दिसतो. ‘साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळे बदलून देऊ’ ही ओळ भावाशेजारीच लिहिलेली बरी. त्यात थोडे नुकसान आहे, पण भांडणात पेटीच जाते.

हंगाम आखूड, साधारण मार्च ते मे. त्यामुळे नरसाळ्याचे वरचे तोंड पावसाळ्यानंतरच उघडावे लागते: पालवी, मोहोर, फवारणी, कणी (बारीक फळ) धरणे असे दाखवत गेले की आंबा येईपर्यंत माणूस ओळखीचा झालेला असतो. मार्चमध्ये जाहिरात सुरू करणाऱ्याला, त्याच वेळी सगळे करत असल्याने, ती महाग पडते. जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी स्वस्त, पण एका यादीत 256 च नंबर बसतात आणि ज्यांनी विक्रेत्याचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. म्हणून पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर आंबा कसा पिकवावा याबरोबर ‘नंबर सेव्ह करा’ हेही छापावे. उरलेल्या महिन्यांत तीच यादी आगळ, काजूगर, फणसपोळी यांना उपयोगी पडते. जूनमध्ये ती बंद करून पुढच्या वर्षी नव्याने गिऱ्हाईक शोधणे हा शुद्ध आळस.

तारकर्ली, गुहागर, दापोलीकडच्या घरगुती निवासांचे फनेल वेगळे चालते. तिथे बुकिंगच्या संकेतस्थळावर यादीत वर दिसण्यासाठी धडपड होते, आणि खरी अडचण त्यानंतर येते. मालक खोलीचे, पडद्यांचे, गिझरचे फोटो टाकतात. फोनवरचा पहिला प्रश्न असतो, “सुरमई मिळेल ना?”